वुइकोंचा झाडू

"मी फक्त बघायला चाललोय," बोगद्यातून बाहेर पडता पडता वुइकोंनी मला पुन्हा बजावलं. "हात लावणार नाही. बघणार आणि परत फिरणार."

"मग खांद्यावर झाडू कशाला?"

"तो आपला आपण आलाय. त्याला मी कसा अडवू?"

माझ्या हातात घसरगाडीची दोरी होती. गाडीवर सुपाचं मोठं पातेलं घोंगडीत गुंडाळून बांधलेलं, त्यावर पावांची पिशवी. रुळांच्या मधोमध बर्फात पाय रोवत आम्ही चाललो होतो. खालचे स्लीपर कोणी कोणाच्या मापाने बसवलेत देव जाणे. प्रत्येकावर पाय टाकावा तर पाऊल आखडतं, एक सोडून टाकावा तर फाकतं. वुइको मात्र घरातल्या घरात फिरावं तसे चालत होते. बोगद्यात शिरताना त्यांनी छातीवर क्रूस काढला होता आणि मी आत असेपर्यंत रामरक्षा म्हणत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुझ्या देवाला इथल्या बर्फाची माहिती आहे का गं?"

"त्यानेच पाडलाय."

"मग सांग त्याला, पुरे."

त्यांचं नाव ओरेस्ट बाबियाक. पण ते नाव फक्त रेल्वेच्या कचेरीत चालायचं. लार्च क्रीक या आमच्या गावात सगळे त्यांना वुइको म्हणायचे. युक्रेनी लोकांत मामाला वुइको म्हणतात. आमच्याकडे युक्रेनी घरं मोजकीच, पण मामा सगळ्या गावाचे. ते गँगचे मुकादम. डोंगर उतरून रुळावर जे काही येईल, बर्फ, दगड, झाडं, ते बाजूला करायचं आणि गाडीला वाट द्यायची, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. एकदा दरडीबरोबर झोपलेलं अस्वलही खाली आलं होतं, असं ते सांगत. अस्वलाने डोळे उघडले, यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि निघून गेलं. "अगदी माझ्या सासूसारखं," हे शेवटचं वाक्य, स्तेफा आसपास नसेल तरच.

स्तेफा म्हणजे त्यांची बायको. तिच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

मी रेल्वेच्या विश्रांतिघरात स्वयंपाक करते, त्यामुळे गँगचं पोट माझ्याकडे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा बर्फावर चालायला मला वुइकोंनीच शिकवलं. "बदकासारखी चाल, मालू. लाज सोड. जो ऐटीत चालतो तो आडवा होतो." माणूस असा हसवणारा, पण झाडूचं नाव काढलं की एकदम गंभीर.

त्या झाडूचं सांगायला हवं. गावात शिरताना रुळाला फाटा फुटतो. तिथे एक हलणारा रूळ दुसऱ्या रुळाला जाऊन टेकतो, त्याला सांधा म्हणतात. त्या फटीत बर्फ बसला की रूळ नीट टेकत नाही आणि गाडीला सिग्नल मिळत नाही. फावडं तिथे जात नाही, म्हणून झाडू. वुइकोंचा झाडू बर्चच्या दांड्याचा, काड्या चाकूने तिरप्या कापलेल्या, नेमक्या त्या फटीत शिराव्यात म्हणून. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एका रविवारी देवळाच्या ओसरीत त्यांनी तो टेकवून ठेवला होता आणि फादरनी सहज घेऊन पायऱ्या झाडल्या. वुइको प्रार्थना सोडून बाहेर आले. काड्या तपासल्या. म्हणाले, "फादर, आज पापाची कबुली तुम्ही द्यायची. मी ऐकतो."

स्तेफाने हे चाळीस वर्षं सोसलं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला देवळामागच्या हॉलमध्ये जेवण होतं. उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोही झाल्या, सॉसेज झाली, केक आला, नवरा आला नाही. आला तेव्हा केकवरचं क्रीम सुकलं होतं. भुवयांवर बर्फ, हातात झाडू. तो त्यांनी केकशेजारी टेकवला आणि म्हणाले, "हं, कुठे कापायचा?" दुसऱ्या दिवशी स्तेफाने बॅग भरली आणि गव्हाच्या सपाट मुलखात, व्हेग्रेव्हिलला बहिणीकडे गेली. तिकडे डोंगरच नाही, त्यामुळे दरडही नाही.

ती गेल्यावर पुरा हिवाळा आणि उन्हाळा वुइकोंनी माझ्याकडे जेवून काढला. पानात काय आहे ते न बघता जेवायचे. मग या नाताळानंतर स्तेफाचा फोन आला. ती म्हणाली, "लेकीकडे व्हँकुव्हरला चाललेय, तिकीट थेट तिथलं आहे. वाटेत गाडी आपल्याकडे थांबते. मी खिडकीतून बघेन. स्वच्छ कपडे घालून प्लॅटफॉर्मवर उभा दिसलास तर उतरेन. नाही दिसलास तर पुढे."

पुढे म्हणजे कायमचं, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

तो दिवस आजचा. वुइकोंनी सुट्टी घेतली, लग्नातला काळा सूट झटकला. सकाळी दाढी करत असताना त्यांच्या हाताखालच्या गार्नेटचा फोन आला की बोकडाच्या वळणावर लाल सिग्नल लागलाय. त्या वळणावर डोंगराच्या बाजूला तारांचं कुंपण आहे. दगड किंवा बर्फ येऊन तार तुटली की सिग्नल आपोआप लाल होतो. पण तिथे एक म्हातारा पहाडी बोकड त्या तारांना पाठ घासायला येतो, तरीही होतो. बोकडाचं नाव आम्ही साहेब ठेवलंय, कारण तोही न सांगता येतो आणि सगळ्यांना कामाला लावतो. वुइको साबणाच्या तोंडाने फोनवर म्हणाले, "साहेब असणार. दोन शिव्या दे आणि तार जोड. मी सुट्टीवर आहे." आणि दुसरा गाल करायला घेतला.

साहेब नव्हता. दरड होती, तीही झाडांसकट. गार्नेट रुळावर चालणारा ट्रक घेऊन बाकीच्यांबरोबर गेला. पॅसेंजर दरडीच्या पलीकडे उभी राहिली आणि तिच्यात स्तेफा. अलीकडे एक मालगाडी स्टेशनच्या मुख्य रुळावर अडकून पडली. मी सूप उतरवलं तेव्हा ट्रक निघून गेला होता, म्हणून घसरगाडी काढली. बघते तर रेल्वेच्या फाटकापाशी वुइको. अंगात सूट, सुटावर कामाचे ढगळ कपडे, त्यातून टायचं टोक बाहेर.

"तुम्ही घरी थांबा," मी म्हटलं. "प्लॅटफॉर्मवर उभं राहायचंय तुम्हाला."

"गाडीच आली नाही तर प्लॅटफॉर्मवर काय कबुतरं मोजू? आणि बोकड असेल असं मीच म्हणालो होतो, मालू. डोंगराने ऐकलं असेल."

म्हणून आम्ही दोघं निघालो होतो. वळण ओलांडलं आणि दरड दिसली. घराएवढा ढिगारा, त्यातून फरची झाडं उलटीसुलटी बाहेर आलेली, जशा काड्या खुपसलेल्या. पलीकडे पॅसेंजरचं इंजिन शांतपणे घुरघुरत होतं. इंजिनाच्या नाकावर फाळ असतो, तो मोकळा बर्फ सहज ढकलतो. पण झाडं अडकली की फाळाचंही चालत नाही. ती करवतीने कापून माणसांनीच ओढून काढावी लागतात.

"वुइको!" लाल दाढीचा गार्नेट करवत थांबवून ओरडला. "सुट्टीवर ना तुम्ही?"

"सुट्टीवरच आहे. माणूस सुट्टीत डोंगर बघायला जातोच की."

"बोकड काय म्हणतोय?"

"तुझी आठवण काढत होता. दाढी सारखीच आहे म्हणाला."

सगळे हसले. वुइको खरंच बाजूला उभे राहिले, दोन्ही हात खिशात. मी सूप वाढायला घेतलं. थोड्या वेळाने बघते तर ते हनुवटीने दाखवत होते, "तो बुंधा आधी." मग झाडूच्या दांड्याने, "ती फांदी नको रे, ताणात आहे, तोंडावर उडेल." मग एक पाय बर्फात. "हा काही हात नव्हे," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. पुढच्या वेळी मान वर केली तेव्हा ते कमरेपर्यंत आत होते, साखळी बुंध्याला अडकवत होते आणि गार्नेटला ट्रक मागे घ्यायला सांगत होते. चेहरा असा फुललेला, की वर्षभरात मी तो तसा पाहिला नव्हता.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "ओरेस्ट!"

ढिगाऱ्याच्या पलीकडे स्तेफा उभी. लोकरीची टोपी, चांगला कोट, कोपराला पर्स, आणि मागून गाडीचा कंडक्टर "बाई, आत चला, बाई" करत धापा टाकत.

वुइकोंच्या हातातली साखळी खाली पडली.

"प्लॅटफॉर्म कुठाय?" स्तेफाने विचारलं.

"आणणार होतो. जड निघाला."

"सूट घालतो म्हणालास."

वुइकोंनी वरच्या कपड्याचे बंद सोडून छाती पुढे केली. सूट होता. टाय थंडीने फळीसारखा ताठ झाला होता, तो वाऱ्यावर आडवाच राहिला. गार्नेटने टोपी तोंडावर धरली. गाडीच्या खिडक्यांमधून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

स्तेफा हसली नाही. "मी प्लॅटफॉर्म म्हणाले होते," ती म्हणाली. "मी आत जाऊन बसते."

मी कडेकडेने ढिगारा चढून पलीकडे गेले आणि सुपाचा डबा तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"टेटा, ते सकाळपासून तुमच्यासाठीच तयार होते," मी म्हटलं. टेटा म्हणजे मावशी, तिला मी तसंच म्हणते.

"मला का माहीत नाही?" ती हळू आवाजात म्हणाली. "तो वाईट असता तर बरं झालं असतं, मालू, सोडून देता आला असता. मला गाड्या थांबायला नकोत, माणसं अडकायला नकोत. पण चाळीस वर्षं मी त्याला हातात काही ना काही धरलेलाच बघितलाय. लग्नातसुद्धा अंगठी घालताना दुसऱ्या हातात हातमोजे होते, सांधा झाडून आला होता. एकदा मला तो रिकाम्या हातांनी हवाय. नुसता माझ्यासाठी उभा. जास्त आहे का हे?"

"नाही," मी म्हटलं, कारण नव्हतंच.

शेवटचं झाड निघालं तेव्हा सुपाचं पातेलं रिकामं झालं होतं. उरलेला बर्फ फाळाच्या आवाक्यात आला. वरच्या उतारावर लक्ष ठेवायला एक अनुभवी माणूस मागे हवा असतो. गार्नेट म्हणाला, "मी थांबतो. तुम्ही ट्रक घेऊन पुढे सुटा. गाडी हळूहळू येईल. आणि वुइको, भुवया पुसा."

परतताना ट्रक वुइकोंनीच चालवला. वायपर कुरकुरत होते. स्तेफा मला म्हणाली ते मी त्यांना सांगितलं, जसंच्या तसं, हातमोज्यांसकट. त्यांनी स्टिअरिंगवरचे आपले हात पाहिले, एकदा हा, एकदा तो. मग बोगदा आला आणि त्यांनी क्रूस काढायला एक हात उचलला. मीही माझं म्हणायला सुरुवात केली. देव कोणताही असो, अशा दिवशी दोघांनी दोन बाजूंनी हाक मारलेली बरी.

गावाच्या तोंडाशी सांध्याजवळ त्यांनी ट्रक थांबवला. मुख्य रुळावर ती मालगाडी अजून उभीच होती, म्हणजे पॅसेंजरला फाट्यावरून प्लॅटफॉर्मला घ्यावं लागणार. आणि आम्ही गेल्यापासून पडलेल्या बर्फाने सांध्याची फट पार बुजवली होती.

सवयीने ते झाडू घेऊन उतरले आणि खाली वाकले. दोन फटके मारले. मग तसेच वाकलेले थांबले.

मागे बोगद्यापलीकडे शिटी झाली.

वुइको सरळ झाले. समोर प्लॅटफॉर्म दिसत होता, पांढरा, रिकामा, कोणाचंही पाऊल न उमटलेला. झाडत राहिले असते तर गाडी त्यांच्या शेजारूनच आत शिरली असती, आणि खिडकीतून स्तेफाला हातात झाडू घेतलेला नवरा दिसला असता. तसेच सोडून गेले असते तर गाडी बाहेरच अडकली असती. त्यांनी वरचे ढगळ कपडे उतरवून ट्रकमध्ये टाकले. काळ्या सुटात, पडत्या बर्फात ते मुंजीतल्या बटूसारखे कावरेबावरे दिसत होते.

मग माझ्यापुढे आले आणि झाडू आडवा धरून, दोन्ही हातांनी, देवापुढे ताट धरावं तसा पुढे केला.

"फटीतून आधी," ते म्हणाले. "आतून बाहेर ओढायचं, ढकलायचं नाही. काड्यांवर जोर देऊ नकोस, त्यांना कळतं सगळं. शिटी जवळ आली की बाजूला हो, मग कितीही राहिलं असलं तरी. मी ट्रक फाटकाशी रुळावरून उतरवून पुढे जातो." ते एकदा प्लॅटफॉर्मकडे बघून परत माझ्याकडे वळले. झाडू त्यांनी अजून सोडला नव्हता. "मालू, आजच्या दिवस माझा सांधा तू झाडशील?"