भोवरे विरेपर्यंत

मोठं प्रवासी विमान उतरलं, आभाळ मोकळं झालं, तरी माझ्या लेकीचं छोटं विमान वर घिरट्याच घालत होतं. कुंपणापाशी माझा जीव टांगणीला लागला.

उतरल्यावर ती हसली. "अगं आई, मोठं विमान गेलं तरी मागे हवेत भोवरे राहतात. दिसत नाहीत, पण आम्हाला उलथवतात. म्हणून थोडं थांबायचं आणि त्याची चाकं जिथे टेकली त्याच्या पुढे उतरायचं."

माझे वडील नावाजलेले वकील. ते गेले आणि लगेच मी त्यांच्याच कोर्टात उभी राहिले, वर्षभरात कोलमडले आणि वकिली सोडली. तेव्हापासून स्वतःलाच कच्ची समजत आले.

"किती थांबायचं असतं गं?"

"दोन-तीन मिनिटं."

मी तर वीस वर्षं थांबले होते. घरी येऊन काळा कोट उन्हात टाकला.