न बघता दिलेलं उत्तर

राजे, हे तुला तोंडावर सांगायला गेले तर तू "हो आत्या" म्हणशील आणि डोळे मिटशील. म्हणून लिहिते. बसून वाच.

भाचा वैमानिक म्हटल्यावर लोकांना वाटतं, आत्या परदेशी अत्तरं लावून फिरत असेल. मी सांगून टाकलंय, आमचं पोरगं आकाशातली बस चालवतं. पंख्यांचं छोटं विमान, या गावाहून त्या गावाला, तिथून परत, मग तिसरीकडे. दिवसातून पाच वेळा चढायचं, पाच वेळा उतरायचं. गाव म्हणून तुला दिसतं ते कुंपण आणि बॅगा फेकणारा माणूस. जेवण मांडीवर, तेही गार.

माझं घर विमानतळाजवळ, म्हणून तू इथे राहायला आलास. राहायला कसला, पडायला! बूट दारात, टोपी फ्रिजवर, आणि तू टायसकट सोफ्यावर. तुझी बायको लेकीला घेऊन तिच्या नोकरीच्या गावी. एकदा तिच्याशी बोलता बोलता तू घोरायला लागलास, तेव्हा तिने मला फोन केला.

"आत्या, जिवंत आहे ना ते ध्यान?"

"आहे. भिंती हलताहेत."

मग ती गॅसची सकाळ. दूध तापत ठेवून मी आंघोळीला गेले होते. आतूनच ओरडले, "गॅस बंद केलास का रे?"

"बंद!"

बाहेर येऊन बघते तर दूध ओट्यावरून जमिनीवर, गॅस फडफडतोय, आणि तू शेजारीच चहा पीत उभा.

"बंद म्हणालास ना?"

"म्हणालो?"

तू खोटं बोलला नव्हतास. तुमच्या कामात एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने बघून ठरलेलं उत्तर द्यायचं. रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं. माणूस दमला की तोंड डोळ्यांच्या पुढे धावतं.

पुढच्याच आठवड्यात हेच वर आकाशात झालं. दिवसातलं शेवटचं उतरणं, विमान तुझ्या हातात, शेजारी तुम्ही पोरं ज्यांना पाठीमागे हेडमास्तर म्हणता ते कॅप्टन. त्यांनी विचारलं, "चाकं?"

"खाली. तिन्ही दिवे हिरवे."

एकही दिवा लागला नव्हता. चाकं विमानाच्या पोटातच होती.

"परत बघून सांग," हेडमास्तर म्हणाले.

उंची पुष्कळ होती. चाकं खाली आली, विमान नीट उतरलं, आणि प्रवाशांनी नेहमीसारखी बॅगांसाठी ढकलाढकली केली. हेडमास्तर तुला म्हणाले, "मी बघितलं ना? त्यासाठीच दोघं असतो. पुढच्या महिन्यात तुझी कॅप्टनची परीक्षा आहे. घरी जा, झोप."

तू घरी आलास, पण झोपला नाहीस. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सगळं सांगितलंस आणि म्हणालास, "मला ते दिसले गं, आत्या. मला खरंच हिरवे दिसले."

"मग कळव ऑफिसला."

"कळवलं की परीक्षा गेली. किती वर्षं कॅप्टनच्या त्या डाव्या खुर्चीची वाट बघतोय मी! लेक विचारते, बाबा, तू मुख्य पायलट कधी होणार?"

"आणि नाही कळवलंस तर?"

"तर उद्या परत पाच."

तू बराच वेळ फोन हातात धरून बसलास. मग लावलास. झाला प्रकार सांगितलास, आणि उद्या उडण्याच्या लायकीचा नाही म्हणालास. ड्यूट्या लावणाऱ्या बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताप आहे का?"

"नाही."

"मग कारण काय लिहू?"

"दमलोय. तेवढंच लिहा."

दमलोय हा साधा शब्द त्या बाईंना कुठल्या रकान्यात घालावा ते कळेना.

परीक्षा पुढे ढकलली. किती पुढे, कोणी बोलत नाही. तुझ्या मागून लागलेला एक जण डाव्या खुर्चीत बसला. त्याचं फोनवर तोंडभर अभिनंदन केलंस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. मी शाबासबिबास म्हणणार नाही. माझ्या शाबासकीने परीक्षा अलीकडे येत नाही, आणि इतकी झोप काढूनही तुझ्या डोळ्यांखालचं काळं गेलेलं नाही.

सोमवारपासून कामावर या, असा फोन आला, तेव्हा तू म्हणालास, "आत्या, बाजारात जाशील तेव्हा लाँड्रीतून माझे युनिफॉर्मचे शर्ट आण ना. पावती दारामागे अडकवलीय."

"बरं," म्हटलं.

नंतर मी भाजीला गेले, दळणाला गेले, दोन्ही वेळा लाँड्रीवरूनच. इस्त्रीवाल्याने हाकही मारली, "बाई, साहेबांचे शर्ट तयार आहेत!" मी ऐकलं, तुझ्या डोळ्यांखालचं काळं आठवलं आणि चालत राहिले. घरी आले तर तू माझ्या पिशवीकडे बघितलंस आणि काही विचारलं नाहीस. स्वतः उठून गेलाही नाहीस.

आज रविवार. लाँड्री बंद.