पायरीवरून परत

गावदेवाच्या देवराईत चपला बाहेर काढून शिरलो, तर एक बाई ओल्या पाचोळ्यावर पालथ्या पडलेल्या. मला वाटलं, चक्कर आली. धावत गेलो, तर मान न वळवता त्यांनी हातानेच मला थोपवलं. कॅमेऱ्यापुढे नखाएवढा कोळी जाळं विणत होता.

“थांब गो बाय, झालंच,” त्या म्हणाल्या. मला नव्हे, कोळ्याला.

पन्नाशीच्या असाव्यात. डोक्याला स्कार्फ, कोपरापर्यंत चिखल, भावाने दुबईहून आणली म्हणाल्या ती लेन्स. कोळी हलून फोटो बिघडला की चिडायच्या ऐवजी हसत. मध्ये येणारी फांदी मी बाजूला धरायला गेलो, तर म्हणाल्या, “राहू दे. तिच्या जाळ्याचा दोर बांधलाय तिथे.”

संध्याकाळी देवराईजवळच्या थांब्यावर रत्नागिरीला जाणारी शेवटची एसटी आली. मी चढलो. त्या पायरीवरच थबकल्या. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरून एक हिरवी अळी कंबर उचलत चालली होती.

“हिला पोचवून येते,” म्हणत त्या उतरल्या.

“अहो, इथेच गवतात सोडा!” मी ओरडलो.

“देवराईतलं काही बाहेर न्यायचं नसतं,” म्हणाल्या आणि पट्टा तळहातावर जपत चालू लागल्या.

कंडक्टर वैतागला. “काय विसरलं त्यांचं?”

“विसरलं नाही. देवराईतली अळी अंगावर आली, ती सोडायला गेल्यात.”

तो इकडचाच असावा. घंटीच्या दोरीवरचा हात त्याने खाली घेतला आणि ड्रायव्हरला हाक मारली, “इंजिन बंद कर रे.”