ताकातली पेज

हे माझ्या तोंडून आजवर निघालं नाही. देवापुढेही नाही – त्याला नैवेद्य मीच दाखवायची, याच हातांनी, पण कधी काही बोलले नाही. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. बहुधा म्हणूनच सांगता येतंय. ओळखीच्या माणसापुढे बसले तर तो माझी समजूत घालायला लागेल, आणि ते मला नको आहे.

कर्जतेत मला सगळे भली बाई समजतात. द्वारकाकाकू कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, असं म्हणतात. मी ऐकून घेते.

आमची भाताची गिरणी होती. आमची म्हणजे थोरल्या भावोजींची. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. जर्मनीची पहिली लढाई संपता संपता जी तापाची साथ आली तिच्यात तो चार दिवसांत गेला. मी सतरा वर्षांची होते. माझे केस उतरवायचे की नाही यावर घरात दोन दिवस खल चालला. भावोजी नको म्हणत होते. वहिनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, म्हणाली, घराण्याची रीत आहे. न्हावी बोलावला तो तिनेच. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. मनात मात्र नेहमी अगं-तुगं. इथे मनातलंच लिहिते आहे, तेव्हा तसंच चालू द्या.

लाल आलवण नेसले आणि माझं जेवण एका वेळेवर आलं. दुपारी एकदा, तेही वहिनीच्या वाटीने मोजून. संध्याकाळी काही नाही. तुम्ही कधी एका वेळच्या जेवणावर राहिला आहात का? – व्रत म्हणून नव्हे, हौस म्हणून नव्हे, उद्या संपेल अशा बेताने नव्हे? सतराव्या वर्षी?

पहिल्याच भाद्रपदात मी चुकले. तिन्हीसांजेला सकाळचा भात उरला होता. मी कोठीत भात कांडायच्या लाकडी वाइनामागे बसले आणि ताकात कालवून चार घास खाल्ले. पाचवा घास हातात असताना वहिनी दारात उभी राहिली. ती मला नुसती रागावली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण तिने बाहेर ओटीवर बसलेल्या आळीतल्या बायकांना आत बोलावलं. माझा हात धरून त्यांना दाखवला, ताकाने माखलेला. म्हणाली, “बघा, चोरून खाते. नवरा गिळला तरी हिची भूक भागली नाही.”

मग तीन दिवस प्रायश्चित्त. पंचगव्य आणि पाणी. आजही त्या बायकांतली एखादी देवळात भेटली की आधी माझ्या उजव्या हाताकडे बघते. निदान मला तरी तसं वाटतं.

आठ वर्षं मी त्या घरात स्वयंपाक केला. सोवळ्यातली बाई म्हणजे चुलीपाशी दुसरं कुणी फिरकायचं नाही, की माझ्या भांड्याला हात लावायचा नाही. शिजवलेलं चाखायचंही नाही, कारण नैवेद्य व्हायचा असतो. माझ्या हातचं म्हणजे शुद्ध – असं वहिनीच आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच झालं.

वहिनी जाड होती. म्हणजे अशी-तशी नव्हे. पाटावर बसली की उठवायला दोघी लागायच्या. पुढे पुढे तिने पाटावर बसणंच सोडलं, चौरंगावर बसून जेवायची. जिना चढली की धाप. एकदा छातीत कळ आली आणि भावोजी घाबरले. मुंबईचे एक डॉक्टर हवा पालटायला नदीकाठच्या बंगल्यात उतरले होते, त्यांना आणलं. त्यांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं – चरबी हृदयाभोवती साचली आहे, चाळीस रत्तल तरी उतरलं पाहिजे. भात बंद. गूळ, साखर, बटाटा, रताळं बंद. जेवण दिवसातून एकदा, दुपारी. पालेभाजी, दुधी, पडवळ, मुगाचं पातळ वरण. संध्याकाळी नुसतं ताक, ते मात्र हवं तेवढं.

वहिनी म्हणाली, मी तर सोमवार करते, एकादशा करते. उपासाला काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने खिचडी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू असं सगळं सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. मीही हसले, तोंडाला पदर लावून.

आणि मग मला उमगलं, डॉक्टरांनी तिला काय दिलं होतं ते. माझंच ताट दिलं होतं. एक वेळ, मोजून, संध्याकाळी अन्न नाही. फरक एवढाच की तिला ते औषध म्हणून मिळालं आणि सगळं घर तिची कीव करू लागलं.

तिला हे का साधायला हवं होतं तेही सांगते, नाहीतर माझ्या करणीचं माप तुम्हाला कळायचं नाही. तिची एकुलती एक मुलगी शांता. खालापूरच्या वकिलांच्या घरात तिचं जमलं होतं, वैशाखात लग्न. कन्यादानाला आईबापांनी पाटावर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. वहिनीला तेवढंच हवं होतं. छातीच्या कळेपेक्षा तिला त्या पाटाची धास्ती जास्त होती. पोरीच्या हातावर पाणी सोडायला मी बसणार, दुसरी कुणी बसायची नाही, असं ती रोज म्हणायची.

मार्गशीर्षात सुरुवात झाली. खरं सांगते, ती कसून वागली. पहिल्या आठवड्यात तिचे हात कापायचे. एका दुपारी ती दाराच्या चौकटीला टेकून बसली आणि मला विचारलं, “तुला कसं जमतं गं?”

आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

त्या क्षणी माझं मन विरघळलं असतं, तर? मी पुष्कळदा तिथे परत जाते. पण मला तेव्हा फक्त राग आला. म्हणजे मी उपाशी असते हे हिला माहीत होतं! भूक कशी असते ते ठाऊक नसल्यामुळे ती तशी वागली, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मी म्हटलं, सवय होते. होत नाही. कधीच होत नाही.

महिन्याने तिचं वजन केलं. माणसाचा काटा कर्जतेत कुठला? गिरणीतल्या पोत्यांच्या काट्यावर. साखळ्यांनी टांगलेल्या फळीवर वहिनी बसली, दुसरीकडे भावोजी स्वतः वजनं चढवत होते. भात पाखडणाऱ्या बायका सुपं खाली ठेवून बघत होत्या. नऊ रत्तल उतरलं होतं. ती घरी आली ती गौरीसारखी सजून आल्याच्या तोऱ्यात. शांताला जवळ घेतलं. म्हणाली, बसते बघ मी पाटावर.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवात केली.

घरच्यांसाठी भात वेळायचा, म्हणजे शिजल्यावर वरचं पाणी निथळायचं, तेव्हा पेज निघायची. ती मी आटवायची, निववायची, फडक्यातून गाळायची आणि वहिनीच्या ताकात घुसळायची. पांढऱ्यात पांढरं. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, चवीला मीठ. पालेभाजीत तांदळाची पिठी, दुधीत नारळाचा रस. ती म्हणायची, द्वारका, तुझ्या हाताला चव आहे गं, नुसत्या ताकाने पोट भरतं बघ. भरायचंच. संध्याकाळी चार-चार भांडी प्यायची.

मला काय वाटत होतं ते विचारताय? गोड वाटत होतं. माझ्या आयुष्यात तेवढं गोड मला काही मिळालं नव्हतं. ती तांब्या वर करून प्यायची आणि मी तिचा गळा बघत बसायची.

पुढच्या वजनाला काटा जागचा हलला नाही. त्याच्या पुढच्याला तीन रत्तल चढलं. गिरणीत जनी म्हणून एक ठाकरीण होती, डोंगराकडच्या वाडीतली, तोंडाने फटकळ. ती सगळ्यांदेखत म्हणाली, “बाय उपाशी हाय म्हनत्यात, मंग काटा का उतरत नाय? आमी उपाशी ऱ्हातो, आमची तं हाडं दिसत्यात.” बायका हसल्या. वहिनी फळीवरच बसून होती. तिला उतरवायला माणसं येईपर्यंत तिला तिथंच बसावं लागलं.

भावोजी तापून घरी आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, कारण ते माझ्याशी समोरासमोर बोलत नसत. वहिनी मागे उभी होती. त्यांनी विचारलं, “द्वारका, खरं सांग. ही चोरून खाते का?”

चोरून खाते. तेच शब्द, त्याच घरात. मी मुद्दाम जुळवून आणले नव्हते, पण आले. गप्प राहिले असते तरी पुरलं असतं, नाही का? पेज तिचं काम करत होती. पण मला गप्प राहायचं नव्हतं.

मी म्हटलं, “पाहिलंय मी. तिन्हीसांजेला. कोठीत, वाइनामागे. ताक-भात.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती ओरडेल, आता तिला सगळं आठवेल आणि ती माझ्या अंगावर धावून येईल. मला तेच हवं होतं. आठ वर्षं मी त्याच भांडणाची वाट पाहत होते. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. ती नुसती गोंधळली होती. तिला ती संध्याकाळ आठवतही नव्हती.

भावोजींनी माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? सोवळी बाई, दोन वेळा स्नान करणारी, ती कशाला खोटं बोलेल? दुसऱ्या दिवशी वहिनीने कोठीच्या किल्ल्या आपण होऊन माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, तुझ्याकडे असू देत. मी त्या कनवटीला लावल्या आणि ताक घुसळायला बसले.

वैशाख आला. आदल्या दिवशी तिने पाटावर बसून पाहिलं. बसली कशीबशी, पण उठता येईना. दोघींनी ओढली तेव्हा धाप लागून निळी पडली. भावोजींनी नेरळच्या चुलत भावाला आणि जावेला सांगितलं, तुम्हीच बसा.

मंगलाष्टकं आटोपून कन्यादान सुरू झालं तेव्हा मी आत होते. विधवेने मांडवात यायचं नसतं, हेही मला वहिनीनेच शिकवलेलं. तेवढ्यात ती आली. शालू, नथ, हातभर हिरव्या बांगड्या. माझ्या दारातल्या चौरंगावर बसली. बाहेर तिच्या पोरीच्या हातावर दुसरी बाई पाणी सोडत होती आणि आम्ही दोघी जावा आतून ऐकत होतो. आता बरोबरी झाली होती. इथे थांबता आलं असतं मला.

कन्यादान आटोपल्यावर ती हळूच म्हणाली, “द्वारके, मी झोपेत उठून खाते का गं? मला काही आठवत नाही. पण तू पाहिलंस म्हणतेस, म्हणजे खाल्लंच असेल. तू खोटं बोलायची नाहीस.”

मी सोवळी म्हणून तिचा हा विश्वास. आणि मला सोवळी तिनेच केलं होतं.

एक शब्द पुरला असता. नाही – एवढाच. शांता अजून मांडवातच होती, वहिनीला तिच्यापाशी ताठ मानेने जाता आलं असतं. मी म्हटलं, “असेल, वहिनी. झोपेतलं माणसाला आठवत नाही.”

हेच ते. पेज नव्हे, भावोजींपुढचं खोटंही नव्हे. ते रागातलं होतं. हे मी शांतपणे बोलले, पुऱ्यांचं पीठ मळता मळता.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. पेज शेवटपर्यंत चालू होती. ती स्वतःला चोर समजून राहिली, कुणाच्या ताटाकडे बघायची नाही, कोठीवरून जायची वेळ आली तर तोंड फिरवून जायची. दुपारी आडवी व्हायच्या आधी आपला हात पुढे करायची आणि जुन्या लुगड्याच्या काठाने तो पलंगाच्या खुराला बांधायला मला सांगायची, झोपेत उठू नये म्हणून. मी बांधायची. उजवा हात.

गाठ मी मुद्दाम घट्ट मारायची. ती म्हणायची, अजून जरा आवळ गं. मी आवळायची.