गोष्टीतला भूतकाळ

कलबुर्गी स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी करजगीचे एक आजोबा बसले होते. डोक्याला रुमाल, मांडीवर वही, डोळे मिटून पुटपुटणं चाललेलं. मला जप वाटला. विचारल्यावर कळलं, ती फ्रेंच क्रियापदांची भूतकाळी रूपं होती.

"कामून शिकायलाव, अप्पा?"

"लेक तिकडं फ्रान्सला असती. नातीला फ्रेंचच येतंय. आज पयल्यांदा यायलीय. तिला गोष्ट सांगायची हाय."

"म्हंजे फ्रेंच बोलता येतंय तुमाला?"

"न्हाई. बोलायचा भूतकाळ येगळा. ह्यो निस्ता पुस्तकातल्या गोष्टीचा. मला पाणी मागता येत न्हाई, पण 'राक्षस गुहेत शिरला' म्हणता येतंय."

गाडी आली. पाचेक वर्षांची नात उतरली आणि आईच्या मागं लपली. आजोबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसं म्हणाले, "ल र्वा मुर्यू."

लेकीनं कपाळावर हात मारला. "अप्पा, आल्या आल्या राजा मेला कामून सांगायलाव?"

नात हळूच पुढं आली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणायली?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"मग काय झालं, इचारायली."

आजोबांनी फलाटावरच मांडी घातली.