सातवी बदली

आता ऐकाच! अख्ख्या नांदुऱ्यापुढे माझी फजिती झाली ती एका शब्दापायी. आणि तोच शब्द मला सगळ्यांत चांगला वाचता येतो!

मी शाळेची पायरी चढले नाही. नवरा कचेरीत शिपाई. सोनाळा, देऊळगाव राजा, नांदुरा करत सहा वेळा भांडी बांधली. साहेबानं काय लिहिलंय ते आपलं आपल्याला कळावं, म्हणून त्या हुकमांवरच अक्षरं लावायला शिकले. पहिला शब्द वाचला तो 'बदली'! सहातली एकही मला अडवता आली नाही. तेव्हाच ठरवलं, लेकाची होऊ देणार नाही.

लेक म्हणजे मिलिंद. बारा वर्षं लहानसहान क्लबांत फुटबॉल खेळला, मधल्या फळीत.

"मधल्या फळीत काय करतं बे तू?"

"माय, मी बॉल देतो. गोल दुसरा करते."

बापावरच गेला! तोही फायली नुसत्या पुढे द्यायचा, सही साहेबाची!

गुडघा गेला तसा घरी आला आणि इथल्या क्रीडा संस्थेत पोरींचा कोच झाला. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, यंदा कप आणा, नाहीतर पोरींची टीम बंद.

फायनलला मी पहिल्या रांगेत. दोन्हीकडे एक-एक गोल, दहा मिनिटं उरलेली. मिलिंदनं मैदानालगत टेबलाशी बसलेल्या माणसाला एक कागद दिला आणि भोंगा ओरडला, "नांदुरा संघात बदली!"

कागद आणि बदली! पुढचं कोण ऐकतं? मी तडक टेबलापाशी.

"कोनाच्या सहीनं?"

"कोचच्याच सहीनं, आजी."

"म्हंजे विनंती बदली दाखवता? दमदाटीनं सही घेतली असंन!"

"नाही व आजी, सात नंबर बाहेर जाते..."

"हाव! सहा माह्या नवऱ्याच्या झाल्या, सातवी आता लेकाची! बाहेर म्हंजे कुठं? जिल्ह्याच्या बाहेर?"

"रेषेच्या बाहेर, आजी!"

मी थांबते होय? पदर खोचला आणि मैदानाच्या मधोमध जाऊन बसले. "बदली रद्द झाल्याबिगर उठत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, पाठिंबा आहे!

सात नंबरची शबाना लंगडत आली. "आजी, बदली माही हाय! पायात गोळा आला, मले जाऊ द्या न!"

तेवढ्यात मिलिंद धावत आत आला. "उठ व माय! बदली म्हंजे एक पोरगी बाहेर, दुसरी आत!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पण कोचनं न विचारता आत यायचं नसतं म्हणे! पंचानं खिशातून लाल कार्ड काढलं. मला नाही हो, मिलिंदला! पोरगा थेट तारेच्या कुंपणापलीकडे.

खोटं कशाला बोलू, कप गेला तर टीम गेली, आणि ती मी घालवली.

पण पोरी कोणाच्या हाताखालच्या? बदलून आलेल्या पोरीनं मधून बॉल दिला, दुसरीनं गोल केला. कप आला. टीम राहिली!

पोरी कप घेऊन कुंपणाकडे धावल्या, मीही ताठ मानेनं गेले. "पाह्यलं? मी बसली नसती, तं पोरी एवढ्या पेटल्या असत्या का?"

मिलिंद तारेपलीकडून म्हणाला, "हाव माय. बाबाच्या सहा बदल्या साहेबानं केल्या. माही तं तुनं बसल्या बसल्या केली!"