पाचशे पंचवीस पट शनी

साकोलीला हायवेवर माझं मोटारपंपाचं दुकान आहे. इतकी वर्षं मी लोकांना एकच गोष्ट ओरडून सांगतो आहे की मोटार विहिरीच्या मानानं घ्या, शेजाऱ्याच्या मानानं नको. गिऱ्हाईक येतं आणि "पाच एचपीची द्या" म्हणतं. विहिरीत पाणी तीनचंही नसतं. मग माझं डोकं फिरतं. पंचक्रोशीत माझी तीच ख्याती आहे.

माझा मोठा भाऊ सानगडीला धानाची शेती करतो. त्याला काचबिंदू झाला. डावा डोळा पुरता गेला, उजव्याला फक्त समोरचं दिसतं आणि तेही आकसत चाललं आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं जन्मात मला काही मागितलं नव्हतं. दवाखान्यातून परतताना गाडीत म्हणाला, "मले एक डाव शनी पायचा हाय."

"काहून?"

"साडेसात वर्षं रगडलं त्यानं मले. दर शनवारी तेल वाहून राहिलो होतो. थोबाड तं पाऊ दे कसं हाय त्याचं."

मी मोबाइलवर दुर्बिणी शोधल्या. एक सहा इंची आरशाची होती. तिच्याखाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं, जास्तीत जास्त तीनशे पट. दुसरीचं भिंग जेमतेम सत्तर मिलिमीटरचं, पण खोक्यावर लाल अक्षरांत पाचशे पंचवीस पट! मी दुसरी मागवली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

सोबत डोळा लावायची तीन भिंगं आली, पंचवीस, दहा आणि चार मिलिमीटरची. शिवाय ताकद तिप्पट करणारी एक जोडनळी. आकडा लहान तितकं मोठं दिसतं, असं पत्रकात होतं. मी पंचवीस आणि दहा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकली, चारचं जोडनळीला लावलं आणि सानगडीला गेलो.

धान मळून झालं होतं, खळं रिकामं होतं. संध्याकाळी सातला दुर्बीण मांडली. शनी सापडायलाच तास गेला. सापडला तेव्हा तो उकळत्या भातासारखा हलत होता आणि डोळा नीट लागेपर्यंत सरकून जायचा. भाऊ वाकला.

"दिसला काय?"

"हाव. मस्त हाय."

मी पाहिलं. आत नुसता काळोख होता. शनी कधीचाच निघून गेला होता.

"दिसला नाही तं नाही म्हण ना बावा! खोटं काहून बोलतेस?"

"तू एवढं वागवत आणलंस," तो म्हणाला. "तुले वाईट वाटलं असतं."

मला वाईटच वाटलं. साकोलीपर्यंत मी गाडीत एकट्यानं स्वतःला शिव्या देत आलो.

दुसऱ्या दिवशी लाखनीकडचा एक शेतकरी दुकानात आला आणि साडेसातची मोटार मागू लागला. मी सुरू झालो. "पाइप केवढा तुझा? दोन इंच? मग मोटारीवर साडेसात लिहिलं म्हणून पाणी साडेसातचं येईन काय? पाइपात मावते तेवढंच येते!"

आणि मी गप्प झालो. तो घाबरला. "शेठ, पाणी आणू काय?" म्हणाला.

सत्तर मिलिमीटरच्या भिंगातून येतो तेवढाच उजेड येतो. तो मी पाचशे पंचवीस पट ताणला होता. रात्री धड वाचलं तेव्हा कळलं की एवढ्या भिंगाला एकशेचाळीसच्या वर ओढण्यात अर्थ नाही. दहाचं भिंग सत्तर पट दाखवतं, आणि ते माझ्याच ड्रॉवरमध्ये नटबोल्टांत लोळत होतं. शेतकऱ्याला मी तीनचीच मोटार दिली होती.

पुन्हा खळ्यावर गेलो. पंचवीसच्या भिंगानं शनी दोन मिनिटांत पकडला, मग दहाचं लावलं. लाखोरीच्या डाळीच्या दाण्याएवढा शनी, पण स्वच्छ आणि शांत. मी भावाला काहीच सांगितलं नाही, नुसतं पाहा म्हणालो. त्याची आजूबाजूची नजर गेली होती, पण दुर्बिणीला आजूबाजूचं लागतच नाही.

तो वाकला, उजवा डोळा लावला. मग ओरडला, "अबे, याले तं कडं हाय!"

मी खोकलो.

"हाव, कडं हाय."

"काहीच वाईट दिसत नाही बे हा."

तो बाजूला झाला, धोतराच्या सोग्यानं डोळा पुसला आणि पुन्हा वाकला. या वेळी त्यानं डावा डोळा लावला.

"दादा, तो डोळा..."

"मालूम हाय मले. त्यालेही पाऊ दे."

तो तसाच वाकून उभा राहिला. शनी सरकत होता. मी दुर्बीण हलक्या हातानं ढकलत त्याला मधोमध ठेवत राहिलो.